ट्विन पॅराडॉक्सचं उत्तर चुकतंय? आधी चुकीचं उत्तर किती आलं ते बघा

ट्विन पॅराडॉक्स म्हणजे जुळ्यांचं कोडं: एक जुळं प्रचंड वेगानं लांब जाऊन परत येतं आणि घरी राहिलेल्यापेक्षा तरुण निघतं. स्पेशल रिलेटिव्हिटीतली (आइनस्टाइनच्या विशेष सापेक्षतेतली) ही तक्रार दर वर्षी येते आणि दर वर्षी त्याच शब्दांत येते, "मॅडम, सूत्र बरोबर आहे, आकडे बरोबर टाकलेत, तरी जुळ्यांचं उत्तर जमत नाहीये." पुण्यात बीएस्सी करणारे, जॅम ही एमएस्सी प्रवेशाची परीक्षा देणारे, नेट-सेटच्या मागे लागलेले, कुणाचीही वही उघडा, गाडी तिथंच अडकलेली असते. आणि बहुतेक वेळा फिजिक्स समजलेलं असतं, घोळ असतो तो वजाच्या चिन्हाचा. मग ते पोरगं सगळा चॅप्टर पहिल्यापासून वाचायला घेतं, चार व्हिडिओ बघतं, आणि पुढच्या टेस्टला तीच चूक करतं, कारण चॅप्टर कळलेलाच होता, कुठला वजा घसरला ते कुणी दाखवलंच नव्हतं.

म्हणून माझं सांगणं असं की चुकीचं उत्तर खोडून टाकू नका. या गणितात प्रत्येक चुकीचा आपला असा एक ठरलेला आकडा येतो, आणि तो आकडा बघून चूक कुठं झाली ते सरळ सांगता येतं.

गणित हे घेऊ. सई आणि जुई जुळ्या बहिणी. सई कोथरूडला घरीच राहते, जुई यानात बसून ४ प्रकाशवर्षं लांबच्या ताऱ्यापर्यंत जाते, वेग प्रकाशाच्या ०.८ पट, पोचल्या पोचल्या वळते आणि त्याच वेगानं परत येते. वेळ वर्षांत आणि अंतर प्रकाशवर्षांत मोजायचं, म्हणजे सी ची, प्रकाशाच्या वेगाची, किंमत १ होते आणि निम्मी कटकट संपते. सईच्या हिशेबानं जायला ५ वर्षं, यायला ५, एकूण १०. गॅमा, म्हणजे चालणारं घड्याळ किती पट हळू चालतं तो आकडा, १ भागिले √(१ − ०.६४), येतो ५/३. जुईच्या घड्याळात जाताना ३ आणि येताना ३, म्हणजे ६ वर्षं. बरोबर उत्तर १० आणि ६, यात वाद नाही.

आणि वह्यांमध्ये सापडणारी चुकीची उत्तरं: ३ आय (आय म्हणजे उणे १ चं वर्गमूळ), १२.८, १३.६७, ३.६ आणि उणे २.८. तुमचं यातलं कुठलं आलंय ते बघा आणि थेट त्या भागावर जा, पण त्याआधी पुढचे दोन-तीन परिच्छेद वाचाच, नाहीतर खालचं काही लागणार नाही.

आधी तीन वजा वेगळे करा

या गणितात तीन वेगवेगळे वजा असतात आणि पोरं त्यांना एकच समजून इकडचा तिकडे लावतात, सगळ्या दुखण्याचं मूळ हे.

पहिला वजा म्हणजे मेट्रिकचं एकूण चिन्ह. मेट्रिक म्हणजे वेळ आणि अंतर मिळून दोन घटनांमधला इंटरव्हल मोजायचा नियम, टी म्हणजे वेळ आणि एक्स म्हणजे अंतर. कुणी इंटरव्हल लिहितं टी-वर्ग वजा एक्स-वर्ग, कुणी लिहितं एक्स-वर्ग वजा टी-वर्ग. एकाला अधिक-वजा-वजा-वजा म्हणतात, दुसऱ्याला वजा-अधिक-अधिक-अधिक, पहिलं चिन्ह वेळेचं आणि उरलेली तीन जागेच्या तीन दिशांची. हे फक्त ठरवायचं असतं. मुंबईकडे जाणारी गाडी अप आणि मुंबईहून येणारी डाऊन हे रेल्वेनं ठरवलंय, उलटं ठरवलं असतं तरी पुणे ते मुंबई १९२ किलोमीटरच राहिलं असतं, तसंच हे. पण एकदा ठरवलं की त्या कागदावर शेवटपर्यंत तेच.

दुसरा वजा वेगाच्या दिशेचा. जाताना व्ही अधिक ०.८, येताना उणे ०.८. हा ठरवण्यावर नाही, जुई कुठल्या दिशेला चाललीये त्यावर आहे, आणि एक्सची अधिक बाजू कुठली ते एकदा ठरवलं की इथं तुमच्या हातात काही उरत नाही.

तिसरा वजा वेळ आणि अंतर यांच्या मधला. कन्व्हेन्शन कुठलंही घ्या, टी-वर्ग आणि एक्स-वर्ग यांची चिन्हं एकमेकांच्या विरुद्धच असणार. हा निसर्गाचा वजा आहे, त्याला हात लावायचा नाही. प्रकाशाचा वेग सगळ्यांना सारखाच दिसतो हे सगळं या एका वजात बसलंय.

आता हा गोंधळ होतो तरी का, तर अप्पा बळवंत चौकातून पोरं जुनी पुस्तकं उचलतात, एक सीनियरकडून मिळालेलं, एक लायब्ररीतलं, नोट्स तिसऱ्याच कुणाच्या. जॅक्सन आणि लँडाऊ-लिफ्शिट्झ यांच्यात अधिक-वजा-वजा-वजा आहे. मिस्नर-थॉर्न-व्हीलर यांच्या १९७३ च्या जाडजूड पुस्तकात वजा-अधिक-अधिक-अधिक. आणि ग्रिफिथ्स यांच्या इलेक्ट्रोडायनॅमिक्सच्या पुस्तकात एक चिन्ह आहे तर त्यांच्याच एलिमेंटरी पार्टिकल्सच्या पुस्तकात बरोबर उलटं! म्हणजे लेखक एकच म्हणून बिनधास्त राहायचीही सोय नाही. पार्टिकल फिजिक्सवाले बरेचसे पहिलं वापरतात, जनरल रिलेटिव्हिटीवाले बरेचसे दुसरं, दोन्हींची कारणं आपापल्या जागी चांगली आहेत आणि त्यावर भांडण्यात अर्थ नाही. दोन पुस्तकांतून एकेक ओळ उचलून एकाच गणितात लावली की मात्र संपलं.

३ आय आलं असेल तर

हे सगळ्यात सोपं. तुम्ही वजा-अधिक-अधिक-अधिकवालं पुस्तक वापरलंत, जातानाच्या टप्प्याचा इंटरव्हल काढलात, उणे २५ अधिक १६ बरोबर उणे ९, आणि वर्गमूळ घेतलंत. त्या कन्व्हेन्शनमध्ये प्रॉपर टाइमचा (सोबत जाणाऱ्या घड्याळातल्या वेळेचा) वर्ग म्हणजे इंटरव्हल नाही, उणे इंटरव्हल. आधी चिन्ह बदला, ९ येईल, मग वर्गमूळ ३.

बरीच मुलं काय करतात तर आय सोडून देतात आणि ३ लिहून मोकळी होतात. उत्तर बरोबर, मार्क मिळतात, आणि ही सवय पुढं फार महागात पडते. समजा दोन घटनांमध्ये वेळेचा फरक ३ वर्षं आणि अंतर ५ प्रकाशवर्षं आहे. तोच आय सोडून देणारा माणूस इथं "प्रॉपर टाइम ४ वर्षं" लिहितो. पण या दोन घटनांमधून कुठलंच घड्याळ जाऊ शकत नाही, त्याला प्रकाशापेक्षा जास्त वेगानं पळावं लागेल, ते ४ म्हणजे वर्षं नाहीतच, ते ४ प्रकाशवर्षं अंतर आहे. टाइमलाइक (दोन्ही घटनांमधून घड्याळ जाऊ शकेल असं) की स्पेसलाइक (जाऊ शकणार नाही असं) हे सांगणारी एकमेव खूण म्हणजे ते चिन्ह, तीच तुम्ही कचऱ्यात टाकली. पुढं फोर-मोमेंटमचा (ऊर्जा आणि संवेग एकत्र धरून) वर्ग काढताना पण हेच, एका कन्व्हेन्शनमध्ये तो अधिक एम-वर्ग येतो आणि दुसऱ्यात उणे एम-वर्ग, ते उणे बघून पोरं घाबरतात की वस्तुमान काल्पनिक आलं आणि हा टॅकिऑन, प्रकाशापेक्षा वेगानं पळणारा कल्पित कण, आहे की काय. काही नाही, साधा इलेक्ट्रॉन आहे, फक्त पुस्तक बदललंय.

१२.८ आलं असेल तर

म्हणजे तिसऱ्या वजाला धक्का लागला. तुम्ही २५ आणि १६ ची बेरीज केलीत, ४१, वर्गमूळ ६.४, दोन टप्प्यांचे १२.८. शाळेतला पायथागोरस इथं घुसला. सरळ विसरल्यामुळे हे होतं तेव्हा लगेच सापडतं, पण याचं एक लपलेलं कारण आहे जे मला वारंवार दिसतं. जुन्या पुस्तकांत आणि काही नोट्समध्ये वेळेचा घटक आय-सी-टी असा लिहितात, म्हणजे वर्ग केला की आय-वर्गातून वजा आपोआप बाहेर येतो. तिथं वेगळं मेट्रिक लावायचंच नसतं. पोरं आय-सी-टी जुन्या नोट्समधून घेतात, वजावालं मेट्रिक नव्या पुस्तकातून घेतात, दोन्ही वजा एकदम लागतात, उण्याउण्याचं अधिक होतं, आणि बेरीज तयार. वही बघताना प्रत्येक ओळ सुटी सुटी बरोबरच दिसते म्हणून हे तासन्‌तास सापडत नाही. दोनपैकी एकच ठेवा. माझं मत विचाराल तर आय-सी-टी सोडूनच द्या, जनरल रिलेटिव्हिटीत ते पुढं न्यायला गेलात की अडचणच होते, आणि आत्ताही त्यानं काही सोपं होत नाही, फक्त तो महत्त्वाचा वजा नजरेआड जातो.

पडताळा अगदी सोपा आहे. फिरून आलेल्या जुळीचं वय घरी राहिलेलीपेक्षा जास्त आलं की पुढं एक अक्षर न लिहिता थांबा. कागदावर दोन बिंदूंमध्ये सरळ रेषा सगळ्यात छोटी असते, इथं त्या एका वजामुळे उलटं होतं, सरळ राहिलेल्या घड्याळात सगळ्यात जास्त वेळ जातो. सई सरळ, जुई वळलेली, त्यामुळे जुईचं कमी यायलाच पाहिजे. आणखी एक पडताळा, वेग प्रकाशाच्या जवळ जवळ नेत जा, जुईचा वेळ शून्याकडे सरकला पाहिजे, तुमचा ११.३ च्या आसपासच अडकून राहिला असेल तर बेरीज झालीये.

१३.६७ आलं असेल तर

लॉरेंट्झ ट्रान्सफॉर्मेशननं, म्हणजे एका फ्रेममधले (एका निरीक्षकाच्या मोजमापातले) वेळ आणि अंतर दुसऱ्या फ्रेममध्ये नेणाऱ्या सूत्रांनी, करणाऱ्यांचं हे दुखणं. जाताना यानाच्या फ्रेममधला वेळ टी-प्राइम बरोबर गॅमा गुणिले (टी वजा व्ही-एक्स). वळायच्या घटनेला टी ५, एक्स ४, म्हणजे ५/३ × (५ − ३.२), ३ वर्षं, छान. मग परतीच्या फ्रेमसाठी व्ही उणे केला, ५/३ × (५ + ३.२) बरोबर १३.६७, आणि पोरगं म्हणतं जुईचं घड्याळ वळता वळता ३ वरून १३.६७ वर कसं गेलं?

ते गेलेलंच नाही. चिन्ह तुमचं बरोबर आहे, चूक दुसरीच आहे. ते सूत्र असं धरून चालतं की दोन्ही फ्रेमची घड्याळं सई-जुईच्या निरोपाच्या क्षणी शून्यावर लावलीयेत. परतीच्या फ्रेमचं घड्याळ तसं लावलेलं असलं तरी ते जुईच्या मनगटावरचं घड्याळ नाही. १३.६७ हा त्या फ्रेमचा वेळ, जुईचा नाही. फरक घ्या. घरी पोचण्याच्या घटनेला टी १०, एक्स ०, परतीच्या फ्रेममधला वेळ टी-डबल-प्राइम १६.६७. त्यातून १३.६७ वजा, ३ वर्षं. परतीच्या फ्रेममध्ये एकटी संख्या कधी वापरायची नाही, दोन घटनांमधला फरकच वापरायचा, एवढं पाळलं की हा प्रॉब्लेम परत येणार नाही.

३.६ आलं असेल तर

हा खरा पॅराडॉक्स आहे आणि इथं थोडं थांबायला पाहिजे, कारण इथं चिन्ह चुकलेलं नसतं तर गळलेलं असतं.

पुण्यातल्या आयुका या खगोलशास्त्र संस्थेत महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी शाळेच्या मुलांसाठी व्याख्यानं होतात, त्या वयाची मुलंसुद्धा हा प्रश्न बरोबर विचारतात: जुईच्या बाजूनं बघितलं तर सईच लांब गेली आणि परत आली, मग सईचं घड्याळ हळू चाललं पाहिजे ना? आइनस्टाइननं १९०५ च्या पेपरमध्येच लिहिलं होतं की फिरून जागेवर आलेलं घड्याळ मागे पडलेलं असेल, फ्रेंच भौतिकशास्त्रज्ञ लांजव्हँनं १९११ मध्ये त्याला यानातून जाऊन येणाऱ्या प्रवाशाचं रूप दिलं, आणि तेव्हापासून हा प्रश्न तसाच विचारला जातोय. प्रश्न हुशारीचा आहे, त्याला "ती वळली ना, म्हणून" असं एका वाक्यात उडवून लावू नये.

हिशेब करू. जुईच्या हिशेबानं जातानाच्या ३ वर्षांत सईचं घड्याळ हळू चाललं, ३ भागिले ५/३, म्हणजे १.८ वर्षं. येताना पण तसंच १.८. बेरीज ३.६. दोन्ही आकडे खरे आहेत बरं का, टाइम डायलेशन, म्हणजे चालणारं घड्याळ हळू पडणं, दोन्ही बाजूंनी लागतं, जुईच्या प्रत्येक टप्प्यात सईचं घड्याळ खरंच हळू चालतं. पण सई तर १० वर्षांनी मोठी झालेली भेटते. ६.४ वर्षं गेली कुठं?

ती वळताना गळली. वळायच्या जस्ट आधी जुई स्वतःला विचारते, "आत्ता या क्षणी कोथरूडला सईच्या घड्याळात किती वाजलेत?" याचं उत्तर काढायला टी वजा व्ही-एक्स हा कंस बघायचा, ५ वजा ३.२, १.८. वळल्याच्या जस्ट नंतर तीच जागा, तीच वेळ, तीच जुई, पण व्ही उणे झाला, म्हणून ५ अधिक ३.२, ८.२. म्हणजे "आत्ता" या शब्दात जुई जे धरते तेच बदललं, आधी १.८ आणि आता ८.२. मधला फरक ६.४. मग ८.२ अधिक परतीचे १.८, बरोबर १०. एक पैसाही इकडचा तिकडे झाला नाही.

सूत्रात लिहायचं तर गळलेला तुकडा दोन × व्ही × अंतर, २ × ०.८ × ४. हा तुकडा कुठून आला बघा, लॉरेंट्झमधल्या व्ही-एक्स या पदातून, जे टाइम डायलेशनच्या तयार सूत्रात नसतंच. म्हणून जो फक्त "चालणारं घड्याळ गॅमा पट हळू" एवढंच पाठ करून येतो त्याचं उत्तर ३.६ च येणार, कितीही वेळा केलं तरी. सईला मात्र हा तुकडा लागत नाही कारण ती पहिल्यापासून शेवटपर्यंत एकाच फ्रेममध्ये आहे, तिचा "आत्ता" बदललाच नाही. दोघींमध्ये फरक हाच.

इथं एक गोष्ट जपून समजून घ्या, सईच्या घरातलं घड्याळ १.८ वरून ८.२ वर उडी मारत नाही आणि जुईलाही अशी उडी कधी दिसत नाही. ही हिशेबाची उडी आहे, दूरच्या जागेचा "आत्ता" कुठला धरायचा त्याची. जुईला डोळ्यांनी काय दिसतं ते खाली डॉपलरमध्ये येतंय आणि ते एकदम गुळगुळीत आहे.

उणे २.८ आलं असेल तर

म्हणजे तुम्हाला गळलेला तुकडा माहीत आहे, पण दुसरा वजा उलटा लागला. ३.६ मध्ये ६.४ मिळवायच्या ऐवजी वजा केलेत, आणि जुई परत आली तेव्हा सईचं घड्याळ निरोपाच्या क्षणाच्याही मागे गेलेलं निघालं! बऱ्याच वेळा हे अशामुळे होतं की एक्सची अधिक दिशा जाताना ताऱ्याकडे घेतली आणि वळल्यावर नकळत "पुढे म्हणजे अधिक" म्हणून घराकडे फिरवली, किंवा पुस्तकातलं उलटं सूत्र, ज्यात टी-प्राइमवरून टी काढतात आणि अधिक असतो, ते सरळ सूत्राच्या जागी टाकलं. ते अधिक-वजा पाठ करू नका. यानाचा पत्ता टाकून बघा: यानाची स्वतःची जागा टी-प्राइमवाल्या फ्रेममध्ये कायम एक्स-प्राइम शून्य यायला पाहिजे. जाताना एक्स बरोबर ०.८ टी, मग एक्स वजा ०.८ टी शून्य होतं, अधिक केलं तर होत नाही. म्हणजे सरळ सूत्रात वजा. झालं, दहा सेकंदांचं काम.

आणि उडीची दिशा लक्षात ठेवायला एक खात्रीचा नियम आहे: जोर ज्या दिशेला लागतो त्या दिशेची लांबची घड्याळं हिशेबात पुढे सरकतात, पाठीमागची मागे. जुई ताऱ्यापाशी इंजिन लावते ते घराच्या दिशेनं ढकलणारं, घर त्या बाजूला, म्हणून सईचं घड्याळ पुढे. जेवढं अंतर जास्त तेवढी उडी मोठी, आणि अंतर शून्य असेल, म्हणजे सईच्या अंगणातच वळली, तर उडी शून्य. निघताना आणि पोचल्यावरच्या वेग बदलाचा काही हिशेब का लागत नाही ते पण यातच आलं.

सावधान, या आकड्यांत एक योगायोग आहे

४१ चं वर्गमूळ ६.४०३ आणि गळलेला तुकडा बरोबर ६.४. दोन्हींचा एकमेकांशी काडीचा संबंध नाही, पण वहीत ६.४ दिसलं की पोरांना वाटतं हा तोच आकडा आणि ती दोन वेगळी दुखणी एकत्र करतात. कॅल्क्युलेटरवर तीन दशांश बघा, ६.४०३ असेल तर बेरीज झालीये, ६.४०० असेल तर तो व्ही-एक्सवाला तुकडा.

डॉपलरनं पडताळा, दोन्ही बाजूंनी

उत्तर आलं की एकदा डॉपलरनं, म्हणजे एकीचे सिग्नल दुसरीला किती भराभर पोचतात त्यावरून, तपासायची सवय लावा, यात मेट्रिकचं चिन्ह येतच नाही त्यामुळे पहिल्या वजाचा घोळ इथं शिरूच शकत नाही. ०.८ वेगाला डॉपलरचा गुणक १.८ भागिले ०.२ चं वर्गमूळ, ३. लांब जाताना सिग्नल तिप्पट हळू येतात, जवळ येताना तिप्पट भराभर.

जुई जाताना ३ वर्षं सईचं प्रक्षेपण बघत राहते, तिला सईचं एकच वर्ष दिसतं. वळली. सईच्या घड्याळात अजूनही १ च वर्ष दिसतंय, उडी नाही, धक्का नाही, फक्त आता चित्र भराभर पळायला लागलं. परतीच्या ३ वर्षांत तिला ९ वर्षं दिसतात. १ अधिक ९, १०.

सईच्या बाजूनं. जुई ५ व्या वर्षी वळली, पण वळल्याचा प्रकाश ४ वर्षांनी पुण्यात पोचणार, म्हणजे सईला ९ वर्षं हळूवालंच चित्र दिसतं, त्यात जुईची ३ वर्षं. उरलेल्या १ वर्षात भराभर चित्र, त्यात ३ वर्षं. एकूण ६. सगळं जुळलं, आणि दोघींमधला फरक पण डोळ्यांसमोर आला: जुईला हळू आणि भराभर दोन्ही अर्धं अर्धं मिळतं, सईला ९ आणि १.

पण एक बाजूच करून थांबू नका. चिन्ह उलटं लावून जाताना तिप्पट भराभर आणि येताना हळू असं धरलंत तरी जुईच्या बाजूनं ९ अधिक १, पुन्हा १० च येतात! चूक लपते. सईच्या बाजूनं मात्र ९ वर्षांत २७ आणि वर एक तृतीयांश, २७.३३, लगेच पकडली जाते. म्हणून सईची बाजू केल्याशिवाय पडताळा झाला असं समजू नका.

"पण त्वरणामुळे होतं ना?"

हे विचारणारे खूप. जुई वळली म्हणून ती वेगळी, इथपर्यंत बरोबर, पण त्वरणाचा जोर घड्याळाला हळू करतो असं नाही. सर्न या युरोपातल्या प्रयोगशाळेत १९७७ मध्ये म्युऑन (इलेक्ट्रॉनसारखे पण जड, लगेच नष्ट होणारे कण) गोल रिंगमध्ये फिरवले, गॅमा २९ च्या वर, स्थिर असताना सरासरी २.२ मायक्रोसेकंद जगणारे म्युऑन तिथं ६४ मायक्रोसेकंद जगले, आणि वेगावरून जेवढं यायला पाहिजे तेवढंच ते आलं. त्यांच्यावर त्वरण होतं पृथ्वीच्या गुरुत्वत्वरणाच्या सुमारे १० च्या १८ व्या घाताइतक्या पटीनं, तरी त्याचा वेगळा असा परिणाम दिसला नाही. गोल फिरून त्याच जागी येत राहणारे म्युऑन म्हणजे जुईच की. हवं तर वळणच काढून टाका, ताऱ्यापाशी जुईला समोरून येणारं दुसरं यान भेटतं आणि ती फक्त आपल्या घड्याळातला ३ हा आकडा त्यांना सांगते, ते तिथून पुढं मोजत घरी येतात, तरी ६ च येणार.

चिन्ह प्रयोगात पण बोलतं. हाफेले आणि कीटिंग यांनी ऑक्टोबर १९७१ मध्ये सीझियमची घड्याळं प्रवासी विमानांतून जगाभोवती फिरवली. पूर्वेकडे गेलेली ५९ नॅनोसेकंद मागे पडली, पश्चिमेकडे गेलेली २७३ नॅनोसेकंद पुढे गेली. फिरून आलेलं घड्याळ पुढे कसं म्हणून पोरं चिन्ह चुकलं असं ठरवतात. चुकलेलं नाही. एकतर उंचीमुळे गुरुत्वाकर्षणाचा परिणाम घड्याळ पुढे नेतो, आणि दुसरं म्हणजे जमिनीवरचं घड्याळ पण पृथ्वीबरोबर पूर्वेकडे फिरतंच आहे, त्यामुळे पश्चिमेकडे उडणारं विमान न फिरणाऱ्या फ्रेममधून बघितलं तर जमिनीपेक्षा हळू चाललेलं असतं. कुठल्या फ्रेममध्ये वेग मोजला ते आधी ठरवा, चिन्ह मग येतं.

आता स्वतः करून बघा

वेग ०.६, अंतर ३ प्रकाशवर्षं. गॅमा १.२५. बरोबर उत्तर सईचे १०, जुईचे ८. तुमचं चुकलंच तर: ४ आय म्हणजे इंटरव्हलचं चिन्ह न बदलता वर्गमूळ घेतलं, ११.६६ म्हणजे टी आणि एक्सची बेरीज, ८.५ म्हणजे परतीच्या फ्रेमची एकटी संख्या, फरक घ्यायचा राहिला. ६.४ म्हणजे वळणावरचा तुकडा गळला, तो तुकडा इथं ३.६ आहे, आधीच्या गणिताशी आकड्यांची अदलाबदल झालीये, तेव्हा नीट बघा. आणि २.८ आलं तर तुकडा उलटा लागला. हे शेवटचं जास्त धोक्याचं, कारण इथं ते अधिक येतं आणि बघता क्षणी खरं वाटतं, मागच्या गणितातल्या उणे २.८ सारखं ओरडून सांगत नाही. डॉपलरचा गुणक इथं २ आहे. जुईच्या बाजूनं २ अधिक ८, सईच्या बाजूनं ८ वर्षांत ४ आणि २ वर्षांत ४.

आणि कागदाच्या वरच्या कोपऱ्यात गणित सुरू करायच्या आधी दोन ओळी लिहा, मेट्रिक कुठलं आणि एक्स अधिक कुठल्या दिशेला. परीक्षेत पण लिहा, तपासणाऱ्याला तुमचं उणे ९ कुठून आलं ते कळतं आणि मार्क कापले जात नाहीत. अजून वेगळाच आकडा येत असेल तर तो आकडा आणि या दोन ओळी सांगा, तेवढ्यावरून बघता येईल.